स्टार्टरला दोष देण्याआधी बॅटरी आणि वायर तपासा
मॉडेल हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी इलेक्ट्रिक स्टार्टर कसा निवडावा, त्याला वीज कुठून द्यावी

मॉडेल विमानाचं इंजिन सुरू करताना पंखा हाताशी असतो. स्टार्टर घरी विसरला तरी काठीने किंवा जाड हातमोजा घालून बोटाने पंख्याला झटके देत चिकाटीचा माणूस इंजिन सुरू करतो. हेलिकॉप्टरमध्ये ही सोय नाही. इंजिन दोन बाजूंच्या फ्रेममध्ये, कूलिंग फॅनच्या आवरणाखाली दडलेलं असतं. क्रँकशाफ्टवर फॅन आणि सेंट्रिफ्युगल क्लच बसवलेला असतो. वरचा रोटर फिरवून खालचं इंजिन फिरत नाही, कारण पुरेसा वेग आल्याशिवाय क्लच धरतच नाही. त्यामुळे स्टार्टर नसेल तर उडवणंही नाही.

१९७०च्या सुमारास जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांनी रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर खरोखर उडवता येतं हे जगाला दाखवलं. त्या पिढीतल्या मॉडेलांचं इंजिन पट्ट्याने सुरू करत. फॅनजवळच्या खाचेत एक लांब पट्टा आधीच अडकवलेला असे. तो स्टार्टरच्या पुलीवर ताणायचा आणि बटण दाबायचं. पट्टा तेलकट झाला की घसरायचा. पुढे हेक्स शाफ्टची पद्धत आली आणि तीच आज रुळलेली आहे. इंजिनाच्या रेषेत एक स्टार्ट शाफ्ट वर आलेली असते आणि स्टार्टरला जोडलेला लांब षट्कोनी दांडा, बहुधा ६ मिलिमीटरचा, तिच्या डोक्यात बसतो. या साखळीत कुठेतरी, मॉडेलमध्ये किंवा दांड्याच्या अडॅप्टरमध्ये, वन-वे बेअरिंग असतं. इंजिनाने पेट घेतला की ते स्टार्टरच्या पुढे पळतं आणि बेअरिंग आपोआप सोडून देतं, त्यामुळे दांडा मनगटासकट फिरत नाही.

मुख्य मुद्दा आधीच मांडतो. नवीन माणूस स्टार्टरच्या ब्रँडचा जेवढा विचार करतो, त्याच्या निम्माही बॅटरी आणि वायरचा करत नाही. मैदानावर ‘स्टार्टर कमजोर आहे’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा मोटर चांगलीच असते आणि तिला हवे तेवढे व्होल्ट मिळालेले नसतात. म्हणून या लेखात स्टार्टरपेक्षा त्याच्या विजेबद्दल जास्त सांगणार आहे.

इंजिन काय मागतं

मॉडेल इंजिनांचे आकडे घन इंचाच्या शंभराव्या भागात सांगतात. ३० म्हणजे ०.३० घन इंच, जवळपास ५ सीसी. ५० म्हणजे ८ सीसीच्या थोडं वर आणि ९० म्हणजे सुमारे १५ सीसी. थंडर टायगरचं रॅप्टर ३० किंवा ५० वापरणाऱ्यांचं काम १२ व्होल्टच्या साध्या, चांगल्या स्टार्टरवर भागतं. ९०च्या वर्गात मात्र तोच स्टार्टर पहिल्याच कॉम्प्रेशनला अडकतो.

स्टार्टरची खरी परीक्षा त्या पहिल्या कॉम्प्रेशनलाच होते. मोटर उभी असते, पिस्टन वर चढत असतो आणि सिलिंडरमधली हवा दाबली जात असते. एकदा तो टप्पा ओलांडला की फॅन आणि क्लच यांचं वजन फ्लायव्हीलसारखं मदतीला येतं आणि पुढचे फेरे सोपे जातात. लहान इंजिनांत पुष्कळदा रिंग नसते. क्रोमचा किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पितळी सिलिंडरचा वरचा भाग मुद्दाम किंचित अरुंद ठेवलेला असतो, म्हणजे तापल्यावर पिस्टन नेमका बसतो. असं नवंकोरं इंजिन थंड असताना वरच्या टोकाला घट्ट धरतं. तो त्याचा दोष नव्हे, पण स्टार्टर निवडताना हे लक्षात घ्यायला हवं. मोठ्या इंजिनांत बहुधा रिंग असते. तिथे घट्टपणा कमी असला तरी दाबायची हवा जास्त असते.

तेलाचंही पाहावं लागतं. ग्लो इंधन म्हणजे मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि पाचव्या हिश्श्याच्या आसपास तेल. त्यात एरंडेल असेल आणि इंजिन पावसाळाभर पडून राहिलं असेल, तर आत चिकट थर बसतो. अशा इंजिनावर स्टार्टर लावून जोर करू नका. हेअर ड्रायरने इंजिन गरम करा, ग्लो प्लगच्या भोकातून हलकं तेल सोडा, फॅन हाताने मागेपुढे फिरवून मोकळं करा आणि मगच स्टार्टर लावा.

स्टार्टर विकत घेताना

स्टार्टर म्हणजे आत कायम चुंबक असलेली डीसी मोटर, तिला जाड कार्बन ब्रश, एक बटण आणि पुढे कोन किंवा अडॅप्टर. अशा मोटरचं सुरुवातीचं बळ तिच्यातून वाहणाऱ्या करंटच्या प्रमाणात असतं, आणि मोटर उभी असताना करंट किती वाहील हे व्होल्टेज आणि रोध ठरवतात. म्हणून जाहिरातीत ‘अमुक इंजिनापर्यंत चालतो’ असं छापलेलं असलं तरी ते पुऱ्या व्होल्टेजला धरून आहे, हे विसरू नका.

सरळ जोडणीचे स्टार्टर आणि गिअर लावलेले स्टार्टर असे दोन प्रकार मिळतात. गिअरवाला हळू फिरतो, पण बळ जास्त देतो. ३० आणि ५०साठी सरळ जोडणीचा पुरे. ९० आणि त्यावरच्या इंजिनासाठी माझी पसंती गिअरवाल्याला किंवा जास्त व्होल्टेजसाठीच बनवलेल्या जड मोटरला आहे. साध्या स्टार्टरला जास्तीचे व्होल्ट देऊन तेच काम करून घेणारे पुष्कळ आहेत. त्याची किंमत काय, ते पुढे येईल.

स्टार्टर हातात घेऊन तीन गोष्टी बघा. पहिली, बटण. लहान बटणातून चाळीस-पन्नास अ‍ॅम्पिअर वाहणार असतील तर त्याचे संपर्क काही महिन्यांत जळतात. दुसरी, पुढच्या शाफ्टवर अडॅप्टर पक्का बसण्यासाठी सपाट भाग किंवा आडवी पिन आहे की नाही. हेक्स अडॅप्टर नुसत्या ग्रब स्क्रूवर गोल शाफ्टला धरलेला असेल तर तो सुटणार. सपाट भाग नसेल तर कानशीने करून घ्या आणि स्क्रूला थ्रेड लॉक लावा. तिसरी गोष्ट लांबी. दांडा कॅनॉपीच्या आणि रोटर हेडच्या मधून तिरका न होता सरळ खाली पोचला पाहिजे. तिरका दांडा षट्कोनाचे कोपरे खातो आणि एकदा कोपरे गोल झाले की कुठलाही स्टार्टर घसरणारच.

फिरण्याची दिशाही तपासा. क्रँकशाफ्टच्या टोकाकडून पाहिलं तर मॉडेल इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, आणि विमानाचा स्टार्टर त्याच हिशोबाने बनवलेला असतो. शाफ्ट वर तोंड करून बसवलेल्या हेलिकॉप्टरलाही तोच चालतो. स्टार्टर गरगर फिरतोय आणि इंजिन ढिम्म, असं झालं तर बहुधा बॅटरीच्या तारा उलट्या लागलेल्या असतात. मोटर उलटी फिरते आणि वन-वे बेअरिंग धरत नाही. तारा बदला. तरीही घसरत असेल तर बेअरिंग गेलं असं समजा.

गेल्या दीड दशकात विजेवरच्या हेलिकॉप्टरांनी इंजिनवाल्यांची जागा झपाट्याने घेतली. अमेरिकेतल्या हॉबिको या मोठ्या वितरकाने तर २०१८च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामुळे बरेच चांगले स्टार्टर आता जुन्या बाजारात मिळतात, आणि जुना घेण्यात काही वावगं नाही. मोटर साधी असते, नीट वापरलेली असेल तर वर्षानुवर्षं टिकते. फक्त विकणाऱ्यासमोर ती मोकळी फिरवून बघा. बेअरिंगचा खरखराट नको. मागच्या झाकणातून हलक्या ठिणग्या दिसल्या तर चालेल, मोठा निळा जाळ दिसला तर ब्रश आणि कम्यूटेटर झिजलेत. हात लावल्यावर जळका वार्निशचा वास आला तर सौदा सोडा. आतली वाइंडिंग तापून गेलेली आहे.

वीज: खरा प्रश्न

आपल्याकडे सगळ्यात सहज मिळणारी बॅटरी म्हणजे संगणकाच्या यूपीएसमधली सीलबंद लेड-अ‍ॅसिड, १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-तासाची. प्रत्येक तालुक्याच्या गावात ती मिळते, स्वस्त असते आणि चुकून जास्त वापरली तरी पेट घेत नाही. वजन दोन किलोच्या वर. ३०च्या इंजिनासाठी ती ठीक आहे, ५०साठी नवी असेल तोवर. एक सावधगिरी मात्र ठेवा. ‘यूपीएस टिकत नाही’ म्हणून काढलेली बॅटरी फुकट मिळते म्हणून घेऊ नका. तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. मल्टीमीटरवर ती साडेबारा व्होल्ट दाखवते आणि स्टार्टरचं बटण दाबताच आठवर येते.

नवी बॅटरीही जपावी लागते. रिकामी ठेवली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट होतो आणि ती कायमची अशक्त होते. मैदानावरून आल्यावर त्याच रात्री चार्जिंगला लावा, उडवणं बंद असेल तर महिन्यातून एकदा. किती व्होल्टवर आणि किती करंटने चार्ज करायची हे तिच्या अंगावरच छापलेलं असतं. ७ अ‍ॅम्पिअर-तासाच्या बॅटरीवर बहुधा कमाल २.१ अ‍ॅम्पिअर लिहिलेले असतात. गाडीचा गॅरेजमधला मोठा चार्जर तिला लावू नका.

निकेल-मेटल हायड्राइडच्या दहा सेलचा पॅक स्टार्टरच्या अंगाला बांधायची पद्धत एके काळी सगळीकडे होती. ती चालते, पण पॅक जड असतो आणि पडल्यापडल्या बराच डिस्चार्ज होतो. आज नव्याने तो घेण्याचं कारण मला दिसत नाही.

आता लिथियम-पॉलिमर, म्हणजे लायपो. तीन सेलचा पॅक ११.१ व्होल्टचा, पूर्ण चार्ज केल्यावर १२.६. चार सेलचा १४.८ व्होल्टचा, पूर्ण चार्जला १६.८. आकडे लेड-अ‍ॅसिडसारखेच वाटतात, पण रोध कमी असल्याने भार पडल्यावर लायपोचं व्होल्टेज कमी घसरतं. पॅक निवडताना ‘सी’चा आकडा आणि क्षमता यांचा गुणाकार करायचा. २२०० मिलिअ‍ॅम्पिअर-तासाचा २५-सी पॅक म्हणजे २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अ‍ॅम्पिअर, तोही छापील दावा. स्टार्टरला हा काठावरचा आहे. ३००० मिलिअ‍ॅम्पिअर-तासाचा ३०-सी पॅक ९० अ‍ॅम्पिअर देऊ शकतो. त्यावर निर्धास्त राहता येतं.

अनेकांना वाटतं, एवढ्या लहान पॅकवर किती वेळा इंजिन सुरू होणार? हिशोब करून बघा. एका खेपेला ४० अ‍ॅम्पिअर पाच सेकंद धरले तर २०० अ‍ॅम्पिअर-सेकंद होतात, म्हणजे अ‍ॅम्पिअर-तासाच्या अठराव्या हिश्श्याएवढे. २२०० चा पॅक सत्तर टक्केच वापरायचा असं ठरवलं तरी पंचविसेक खेपा निघतात. एका रविवारी कुणी एवढ्यांदा इंजिन सुरू करत नाही. म्हणजे इथे प्रश्न क्षमतेचा नाही, एका दमात किती करंट मिळतो याचा आहे.

लायपोचा धोका मात्र ओळखून राहा. स्टार्टरमध्ये कमी व्होल्टेजला बंद करणारी कुठलीही यंत्रणा नसते. तुम्ही बटण दाबत राहाल तोवर तो पॅक पिळत राहील आणि सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की खराब होईल, पुढच्या चार्जिंगला फुगेल. बॅलन्स प्लगला दोनशे-तीनशे रुपयांचा लायपो अलार्म लावून ठेवा. पडून ठेवायचा असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत लायपो कधीही ठेवू नका.

या सगळ्यांत आपल्या हवेसाठी मला सर्वांत योग्य वाटते ती लिथियम-आयर्न-फॉस्फेट, चार सेलची. तिचं व्होल्टेज १३च्या आसपास, पूर्ण चार्जला साडेचौदाच्या जवळ. १२ व्होल्टच्या स्टार्टरला ती सहज मानवते, लेड-अ‍ॅसिडपेक्षा भार चांगला पेलते, उष्णतेत लायपोपेक्षा खूपच सुरक्षित असते आणि अर्धवट चार्ज होऊन पडून राहिली तरी लगेच मरत नाही. किंमत जास्त आहे, पण ती वसूल होते. चार्जरवर लायपोचा कार्यक्रम लावून मात्र ती चार्ज करू नका. लायपोचा सेल ४.२ व्होल्टपर्यंत नेतात, हिचा ३.६ च्या आसपास थांबवायचा असतो. चार्जरमध्ये तिचा स्वतंत्र पर्याय असतो, तोच निवडा.

जास्त व्होल्टेजचा मोह

९०चं इंजिन अडतंय म्हणून १२ व्होल्टच्या स्टार्टरला चार सेलचा लायपो लावणारे बरेच आहेत. इंजिन फिरतंही. १२.६ ऐवजी १६.८ व्होल्ट म्हणजे एक तृतीयांश जास्त. उभ्या मोटरमधला करंट आणि बळ तेवढंच वाढतं. पण वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पावणेदोन पट होते. ब्रशही त्याच मानाने झिजतात. एकेका खेपेला दोन-तीन सेकंद आणि मध्ये भरपूर विश्रांती एवढी शिस्त पाळणाऱ्याचा स्टार्टर यात टिकतो. बटणावर अंगठा दाबून धरणाऱ्याचा टिकत नाही. सहा सेलचा, २५ व्होल्टपर्यंत जाणारा पॅक तर स्टार्टरच्या माहितीपत्रकात स्पष्ट परवानगी असल्याशिवाय लावूच नये.

आणि याचा फटका फक्त स्टार्टरला बसत नाही. अडलेल्या लहान इंजिनावर दांडगा स्टार्टर लावला तर कमकुवत भाग तुटतो: वन-वे बेअरिंग, स्टार्ट शाफ्ट, नाहीतर कनेक्टिंग रॉड. ३०च्या इंजिनाला १२ व्होल्टच बरे.

वायर, जोड आणि फ्यूज

स्टार्टरसोबत येणारी वायर बहुतेक वेळा लांब आणि बारीक असते, टोकाला मगरचिमटे. बहुतेकांच्या व्होल्टची गळती इथेच होते. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १७ मिलिओहम. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत एक मीटर म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर, ३४ मिलिओहम. ४० अ‍ॅम्पिअरला त्यातच जवळजवळ १.४ व्होल्ट गेले. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची, दुकानात ‘चारची’ म्हणून मिळते ती, घेतली तर गळती चौथ्या हिश्श्याच्या जवळ, ०.३५ व्होल्टवर येते. साठ-सत्तर रुपये मीटरच्या वायरने एक व्होल्ट परत मिळतो. कुठलाही महागडा स्टार्टर इतक्या स्वस्तात एवढा फरक पाडत नाही.

पूर्ण साखळीचा हिशोब मांडतो. साधी यूपीएसची बॅटरी २५ मिलिओहम, बारीक वायर ३४, बटण आणि मगरचिमटे मिळून १० धरा. एकूण ६९. पन्नास अ‍ॅम्पिअरला साडेतीन व्होल्ट वाटेतच संपतात आणि मोटरला नऊच्या आसपास उरतात. उलट चांगल्या लायपोचे १५, अर्ध्या मीटरच्या जाड वायरचे ५, पक्क्या जोडांचे ३ मिळून २३ मिलिओहम. त्याच करंटला मोटरला अकराच्या वर व्होल्ट मिळतात. स्टार्टर तोच आहे, पण हातात धरल्यावर दुसराच वाटतो.

म्हणून मगरचिमटे काढा. एक्सटी-६० किंवा एक्सटी-९० चे जोड सोल्डर करून लावा. जाड तारेला पंचवीस वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. साठ वॉटची घ्या, नाहीतर कोरडा जोड होतो आणि तोच पुढे तापतो. लेड-अ‍ॅसिडला नीट दाबून बसवलेलं थिंबल आणि नट-बोल्ट. बॅटरी शक्यतो स्टार्टरच्या अंगालाच बांधता आली तर वायरचा प्रश्नच मिटतो आणि मैदानावर पायात काही अडकत नाही.

बटण जळत असेल तर मोटरसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात सेल्फचा रिले मिळतो. दुचाकीचा सेल्फ मोटर त्याच्यावरच चालतो. जाड तारा रिलेतून आणि बटणातून फक्त रिलेचा छोटा करंट, अशी जोडणी केली की बटण वर्षानुवर्षं टिकतं. तो १२ व्होल्टचा असतो, त्यामुळे चार सेलवर वापरताना खेप छोटी ठेवा.

बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या अगदी जवळ फ्यूज हवा, गाडीत असतो तसा मोठा ब्लेड फ्यूज, ६० अ‍ॅम्पिअरच्या आसपासचा. तो क्षणिक धक्का सोसतो आणि तारा एकमेकींना चिकटल्या तर वितळतो. हा मुद्दा गौण समजू नका. आपल्या पायाशी मिथेनॉलचा डबा असतो, आणि मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. बॅटरी जोडताना ठिणगी उडते, म्हणून इंधनाचा डबा बंद करून चार पावलं दूर ठेवल्याशिवाय ती जोडू नका.

ग्लो प्लगची वीज मात्र वेगळी ठेवा. प्लगला साधारण दीड व्होल्ट लागतो, १२ व्होल्ट सरळ दिले तर त्याची तार क्षणात उडते. पॉवर पॅनेलवरून एकाच बॅटरीने दोन्ही चालवता येतं, पण स्टार्टर दाबल्यावर बॅटरी खाली वाकते आणि प्लग नेमका गरज असतानाच निवतो. हेलिकॉप्टरमध्ये प्लग आत दडलेला असल्याने रिमोट ग्लो लीड लागतेच. तिला स्वतःचा एक सेल आणि करंट दाखवणारा मीटर द्या. मीटरची सुई शून्यावर असेल तर प्लग जळालाय किंवा लीड निसटलीय, स्टार्टर निर्दोष आहे.

मल्टीमीटर लावून बघा

हे काम दोघांनी करायचं. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर, टोकं थेट स्टार्टरच्या टर्मिनलवर, एकाने इंजिन फिरवायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत साडेदहाच्या वर राहिला तर उत्तम. साडेनऊच्या खाली गेला तर लगेच बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. तिथेही कमीच असेल तर बॅटरी गेली. तिथे बारा आणि स्टार्टरवर नऊ असेल तर मधला फरक वायर आणि जोडांनी खाल्लाय. दोन्हीकडे व्होल्ट चांगले आहेत आणि तरीही इंजिन रेंगाळतंय, तर मग ब्रश बघा किंवा इंजिन.

बटण दाबण्याआधी

९०च्या वर्गाचं रोटरचं पातं ७०० मिलिमीटरच्या आसपास असतं. मिनिटाला १९०० फेऱ्यांना त्याचं टोक ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या वेगाने जातं. २०१३च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका बागेत एकोणीस वर्षांचा तरुण स्वतः उडवत असलेल्या मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून जागीच गेला. त्या तरुणाला अनुभव नव्हता असं नाही. इंजिन सुरू करताना माणूस या पात्यांच्या सर्वांत जवळ असतो, म्हणून पुढचा क्रम मोडू नका.

आधी ट्रान्समीटर चालू, मग मॉडेल. थ्रॉटलची दांडी खाली, थ्रॉटल होल्ड चालू, आणि कार्ब्युरेटरचं तोंड खरोखर मंद गतीएवढंच उघडं आहे हे डोळ्याने बघायचं. फक्त ट्रान्समीटरवर विश्वास ठेवू नका. डाव्या हाताने रोटर हेड, पात्यांच्या मुळाशी, घट्ट धरायचं. फ्लायबार धरू नका, तो वाकतो. थ्रॉटल चुकून जास्त असेल तर इंजिन पेटताच क्लच धरेल आणि रोटर फिरायला झेपावेल. तुमचा तो हातच त्याला थांबवणार आहे. दांडा आधी पूर्ण बसवा, मग बटण दाबा. फिरता दांडा खाचेत कोंबला की षट्कोन गेला. इंजिनाने पेट घेतला की बटण सोडा आणि दांडा सरळ वर उचला. पाच सेकंदांत सुरू झालं नाही तर थांबा, मोटरला वीस सेकंद निवू द्या.

स्टार्टर ‘ठक्’ आवाज करून जागीच अडला, तर सगळं सोडून थांबा. इंजिनात इंधन जास्त साचलेलं असू शकतं. द्रव दाबला जात नाही, आणि आणखी जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी ग्लो लीड काढा, इंधनाची नळी चिमट्याने बंद करा, प्लग काढा, भोकावर कापड धरून तोंड बाजूला ठेवा आणि क्षणभर फिरवा. इंधन फवाऱ्यासारखं बाहेर येईल. लीड आधी काढायची, कारण तापलेल्या प्लगजवळ हा फवारा पेटू शकतो. मैदानावर नेताना नळी चिमट्याने बंद ठेवायची सवय लावली तर हा प्रसंग फारसा येत नाही.

काय घ्यावं

३० किंवा ५० वर्गासाठी पैसे मोजके असतील तर साधा १२ व्होल्टचा स्टार्टर, चांगला हेक्स दांडा आणि तीन सेलचा ३००० चा लायपो. लायपोची धास्ती वाटत असेल, किंवा मॉडेल गाडीतच राहत असेल, तर लिथियम-आयर्न-फॉस्फेट. ९०साठी गिअरचा किंवा जास्त व्होल्टेजला परवानगी असलेला स्टार्टर आणि त्याच्या पत्रकात लिहिलेला पॅक, त्याहून मोठा नाही. गॅसोलीनचं, मॅग्नेटो इग्निशनचं इंजिन असेल तर वेगही हवा, कारण ठरावीक वेगाखाली ठिणगीच पडत नाही. तिथे निर्मात्याने सुचवलेलाच स्टार्टर घ्या. आणि काहीही विकत घेण्याआधी, जमलं तर मैदानावर कुणाचा तरी स्टार्टर तुमच्या इंजिनावर लावून बघा. दहा मिनिटांत कळतं.

ज्यांनी इंजिनवाली हेलिकॉप्टरं सोडून विजेवरची घेतली, त्यांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर पडलेला स्टार्टर आणि हेक्स दांडा अजून चालतो. तो क्लबमधल्या एखाद्या नव्या मुलाला द्या, आणि सोबत मल्टीमीटर कसा लावायचा तेही दाखवा.